लेबर लॉ चार दिवसांत उरकायचा विषय आहे का?

लेबर कोर्टवाली ताई: लॉच्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाने काल लिहिलं, "लेबर लॉ म्हणजे व्याख्यांचं पाठांतर. गाइड घ्या, चार दिवसांत उरका. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कोड, म्हणजे नव्या कामगार संहिता, लागू झाले, 29 जुने कायदे गेले, आता जुने निकाल वाचणं म्हणजे वेळ वाया. तसाही कामगारांच्या केसेस करून पुण्यात फ्लॅट होत नाही." खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग लागली, म्हणून लिहिते आहे.

मी 17 वर्षं कामगारांच्या बाजूने उभी राहते. कंपनीच्या लेखी जबाबातला पहिला मुद्दा ठरलेला असतो: अर्जदार कामगारच नाही, म्हणजे या कायद्याचं संरक्षण त्याला नाही. नेमणूकपत्रावर 'ऑफिसर' लिहिलेलं असतं. मग उलटतपासणीत एकेक विचारायचं. याने कोणाची रजा मंजूर केली? कोणाला मेमो दिला? चाकणच्या एका 'शिफ्ट ऑफिसर'च्या केसमध्ये त्याच्या सहीने मंजूर झालेला रजेचा एक अर्जही कंपनीला दाखवता आला नाही. उलट रोजच्या प्रॉडक्शन शीटवर 'ऑपरेटर'च्या रकान्यात त्याचीच सही. हुद्दा नाही, मुख्य काम कोणतं ते बघायचं, हे जुन्या निकालांनीच शिकवलंय. ते गाइडमध्ये एका ओळीत असतं आणि त्या ओळीवर माणसाची नोकरी असते.

मूळ पोस्टवाला: ताई, तुम्ही माझी अर्धीच पोस्ट घेतलीत. हा कायदा कुठे लागू होतो ते ठरवणारी 'उद्योग'ची व्याख्याच कोडमध्ये बदलली. धर्मादाय संस्था, सरकारची सार्वभौम कामं, घरकाम बाहेर काढलं. मग 'उद्योग' म्हणजे काय ते सांगणारा सुप्रीम कोर्टाचा 1978 चा बंगळूर वॉटर सप्लाय निकाल आम्ही कशासाठी घोकायचा?

आणि फ्लॅटचं बोललो ते मनापासून बोललो. मी एका सिनिअरकडे सहा महिने बसलो. झेरॉक्स, फायली, तारखा, सगळं केलं. हातात आले महिन्याला 2,000. किमान वेतनावर युक्तिवाद करणाऱ्या माणसाकडे!

कात्रजची एलएलबी: +1. माझ्या सिनिअरने तेही दिले नाहीत. "शिकायला मिळतंय ना?" म्हणाले. यावर कोणी लेख का लिहीत नाही?

लेबर कोर्टवाली ताई: ज्युनिअरच्या पैशांचं तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते ऐकायला आवडणार नाही, पण खरं आहे. त्याने 1978 चा निकाल मात्र निरुपयोगी होत नाही. नवी व्याख्या काय वगळते ते कळायला आधी सात न्यायाधीशांनी काय आत घेतलं होतं ते माहीत हवं. त्या निकालात शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरली आणि 1988 मध्ये सुंदरंबल केसमध्ये शिक्षिका 'कामगार' नाही ठरली. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोन वेगळे प्रश्न आहेत हे पाठांतराने कळत नाही.

भोसरीकर: मी वकील नाही. वडील लेथवर होते. वर्षात 240 दिवस भरले की सलग वर्षाची नोकरी धरतात, ते भरू द्यायचे नाहीत म्हणून 230 च्या आसपास गेट बंद, पंधरा दिवसांनी दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर परत आत. असं नऊ वर्षं. कामावर गेले त्या दिवशी ते कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने बारीक टिंब काढायचे. मधली दोन वर्षं ब्रेक न देता काम झालं होतं, ती टिंबं आम्ही भावंडांनी मोजली, दोन्ही वर्षी 240 च्या वर. कोर्टात सांगितलं, हे तुमच्याच हातचं, पुरावा काय? हजेरीपत्रक कंपनीकडे. ते मागवायचा अर्ज आमच्या वकिलाने दिलाच नाही. केस गेली. त्यानेही हा विषय चार दिवसांत उरकला असणार.

मूळ पोस्टवाला: काका, वाईट वाटलं. पण तो वकिलाचा हलगर्जीपणा, अभ्यासक्रमाचा नाही.

भोसरीकर: आमच्या घरात त्यातला फरक कोणाला कळला नाही.

एचआरमध्ये 12 वर्षं: कंपनीवाला म्हणजे राक्षस, हे इथे नेहमीचंच. कारखान्याचं ठीक आहे, पण हल्ली आयटीवालेसुद्धा 'आम्ही कामगार' म्हणायला लागलेत. पगार 18,000 च्या वर गेला की कामगार नाही, विषय संपला.

लेबर कोर्टवाली ताई: साफ चूक. ती मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना आहे, जुन्या कायद्यात 10,000 होती. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. 12 वर्षं तुम्ही याच समजुतीवर लोकांना पत्रं देत आलात?

एचआरमध्ये 12 वर्षं: आवाज खाली ठेवा. कलम पुन्हा वाचलं. मर्यादा सुपरवायझरपुरती आहे, मान्य. पण व्यवस्थापकीय काम करणारा कितीही पगारावर बाहेरच, हेही लिहा ना.

लेबर कोर्टवाली ताई: बाहेरच. पण काम व्यवस्थापकीय असलं तर, नुसतं कार्डावर 'मॅनेजर' छापलं म्हणून नाही.

हिंजवडीतून बाहेर: माझं विचारतो. हुद्दा टीम लीड, काम कोडिंग आणि तक्रारींची तिकिटं बंद करणं. एका दुपारी मीटिंग रूममध्ये बोलावलं, राजीनाम्याचा मेल तयार होता, फक्त 'सेंड' दाबायचं. बाहेर येईपर्यंत कार्डाने दार उघडेना. डबा आत राहिला. सगळे म्हणाले ले-ऑफ झाला.

कात्रजची एलएलबी: तो कायद्यातला ले-ऑफ नाही. कोळसा, वीज, कच्चा माल नाही म्हणून मालक तात्पुरतं काम देऊ शकत नाही, माणूस हजेरीवरच राहतो आणि अटींनुसार अर्धा पगार मिळतो, तो ले-ऑफ. तुमची ती छाटणी. एक वर्षाच्या नोकरीनंतर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई.

एचआरमध्ये 12 वर्षं: राजीनामा दिलाय म्हणताहेत. छाटणी कुठली?

लेबर कोर्टवाली ताई: जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करावं लागेल, ते सोपं नाही. हिंजवडीवाले दादा, रजा मंजूर करायचात का? आणि याला किती दिवस झाले? आता दाद मागायची मुदत दोन वर्षांची आहे.

हिंजवडीतून बाहेर: रजा मॅनेजरच बघायचा. 14 महिने झाले.

लेबर कोर्टवाली ताई: मग वेळ आहे. नेमणूकपत्र, शेवटच्या 12 पगार स्लिपा आणि तो मेल, वेळ दिसेल असा, काढून ठेवा.

मूळ पोस्टवाला: ताई, ज्युनिअर लागतो का? पैशांचं आधी बोलू.