मदत हवी आहे: मोहिमेत बंदूक आणली आणि तिरंदाज रुसली

खाडीकाठचा
शनिवारी आमच्या रोल-प्लेइंग गेमचं सेशन आहे (मी गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकतात), लवकर सांगा. जग माझं स्वतःचं, आपल्या कोकण किनाऱ्यावर बेतलेलं. सात जलदुर्ग, खाडीत जलराक्षस, घाटमाथ्यावर मांत्रिकांचं राज्य. दोन महिन्यांपूर्वी फिरंगी जहाजं आणली आणि त्यांच्याबरोबर बंदुका. एकाने लगेच बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी, कॅरेक्टर केलं. आता प्रत्येक लढाई दुसऱ्या फेरीत तोच संपवतो. तिरंदाज खेळणारी मैत्रीण गेल्या वेळी अर्धा वेळ मोबाईल बघत बसली. बंदुकीचं डॅमेज किती ठेवू? आकडा हवाय फक्त.

फुरसं
आधी ता सांग, गेम कुठलो खेळतंस? लेव्हल किती? बंदूक तोड्याची (पेटत्या वातीची) की गारगोटीची?

खाडीकाठचा
डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), पाचवी आवृत्ती. लेव्हल ५. साधी मस्केट, पुस्तकातलीच.

गेरू
पुस्तकातली मस्केट १डी१२ (बारा बाजूंचा एक फासा), लाँगबो १डी८. सरासरीत दोनचा फरक. तेवढ्याने कोणी लढाई संपवत नाही. उलट मस्केटचा नीट पल्ला ४० फूट, धनुष्याचा १५०. काहीतरी सांगायचं राहिलंय. लोडिंगचा नियम लावता ना? लेव्हल ५ ला दोन हल्ले मिळाले तरी एका अॅक्शनमध्ये गोळी एकच.

खाडीकाठचा
लोडिंग पहिल्याच दिवशी काढलं. दर वेळी "आता ठासतो" ऐकून सगळे कंटाळायचे. आणि गोळी चिलखत फोडते म्हणून बंदुकीसमोर एसी (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) सरसकट १० धरतो. पण ते वेगळं, मी डॅमेज विचारतोय.

गेरू
वेगळं कसं? समोर १८ एसीचा गडकरी उभा आहे, तिरंदाज चार बाण सोडते तेव्हा एखाद-दोन लागतात, आणि बरकंदाजाची गोळी जवळजवळ चुकतच नाही. वर दोन-दोन गोळ्या. हे दोन्ही नियम आजच मागे घ्या, डॅमेजला हातही लावू नका.

काजूबी
आकड्यांनी फक्त लक्षण जाईल, दुखणं राहील. बंदुकीची दारू येते कुठून ते ठरवलंय का? दारूला सोरा, गंधक, कोळसा लागतो, आणि त्यात सर्वांत जास्त सोरा. कोळसा कुठेही पाडता येतो. सतराव्या शतकात डच आणि इंग्रज बिहारमधून जहाजं भरून सोरा न्यायचे, पाटणा त्याची मोठी पेठ. तुमच्या जगात सोरा घाटावरूनच उतरू दे. म्हणजे नाकी मांत्रिकांच्या हातात. बरकंदाजाला दर गोळीमागे त्यांच्याशी सौदा करावा लागेल. मोहीम तिथेच उभी राहते.
आणि आषाढ लावा. भर पावसात तोडा विझतो, रंजक (बार पेटवायला बंदुकीच्या कानावर ठेवलेली दारू) भिजते. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात, तसं तुमच्याही किनाऱ्यावर असू दे.

गेरू
काजूबीताई, पावसाचे नियम पहिल्या तासात छान वाटतात, तिसऱ्या सेशनला कोणी पाळत नाही. शिवाय पुस्तकात दारूचं शिंग पाणी न शिरणारं आहे.

काजूबी
शिंगातली दारू कोरडी राहील. कानावरची रंजक उघडीच असते ना?

फुरसं
पावसात धनुष्याची दोरीपण सैल पडते. मग तिरंदाजीण परत रुसणार.

सड्यावरचा
आमच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची. भातात डुकरं शिरली की काका मांगरात बसून भरायचे. आधी नळीत दारू, मग नारळाच्या सोडणाचा बोळा, गजाने ठोकायचं, मग छर्रे, वर परत बोळा. शेवटी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी केप. बोटं ओली असली की टोपी दोनदा खाली पडायची, आणि मी कंदील धरून शेणात ती शोधायचो. एक बार काढायला एवढं सगळं. ज्याने लोडिंग काढलंय त्याने हे एकदा बघायला हवं होतं.

दर्यासारंग
तुम्ही सगळे बंदुकीतच अडकलात. तोफा आणा! गुराब म्हणजे मोठं लढाऊ जहाज, तिच्या नाळेवर पुढे मारा करणाऱ्या तोफा, बाजूने वल्ह्यांची गलबतं. जंजिऱ्याला जाऊन कलालबांगडी तोफ बघून या, अंगावर काटा येतो. एकेका तोफेला नाव आणि स्वभाव द्या.

खाडीकाठचा
तोफा विचारल्याच नव्हत्या. शनिवारचं बोला.

दर्यासारंग
शनिवारचंच बोलतोय. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली एका जहाजाने पेट घेतला आणि बघता बघता तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. दारू ज्याच्याकडे, धोकाही त्याच्याकडे. तुमच्या मांत्रिकांकडे फायरबॉल, आगीच्या गोळ्याचा मंत्र, असेलच.

गेरू
हे मात्र पटलं. फायरबॉलने अंगावर घेतलेल्या वस्तू पेटत नाहीत, सुट्या ठेवलेल्या पेटतात. म्हणजे कमरेचं शिंग सुरक्षित, डेकवरचं पिंप नाही. पिंप फुटलं तर १० फुटांत ७डी६.

काजूबी
मग ते पिंप तिरंदाजिणीला द्या की! फिरंगी गलबत शंभर फुटांवर, डेकवर ताडपत्रीखाली तीन पिंपं. मस्केटचा नेम तिथे डगमगतो, तिचा पेटता बाण सरळ जातो. रुसवा तिथेच संपेल.

खाडीकाठचा
हे भारी आहे. शनिवारी हेच गलबत. लोडिंग परत, एसी परत. सोऱ्याचं नाकं पुढच्या महिन्यात आणतो, पाऊस अजून ठरवला नाही. पण बरकंदाजाकडून एवढं काढून घेतल्यावर तो चिडला तर?

गेरू
टेबलावर सांगू नका, आज रात्रीच फोन करा. त्याला क्लास (पात्राचा प्रकार) बदलायचा असेल तर मोकळेपणाने बदलू द्या.

फुरसं
सड्यावरचे दादा, त्या रात्री डुक्कर गावला काय?

सड्यावरचा
नाही. टोपी फुटली, बार झालाच नाही. आत दारू सर्दावली होती. डुकरं निवांत भात खाऊन वरच्या कोंडात गेली.