हँडल पकडून मनगट दुखते, राइझर टाकू का?

दर्यापूरवाला:
राजेहो, रोज दर्यापूर-अमरावती अप-डाऊन हाय, गाडी साधी १२५ सीसी. वलगाव येईपर्यंत उजवं मनगट दुखते अन् बोटाईले मुंग्या येतात. मेकॅनिक म्हणते राइझर (हँडल उंच करणारा तुकडा) टाक. टाकू का?

वऱ्हाडी_रायडर:
भाऊ, पैसे कायले घालवतं, आधी ब्रेक-क्लचचे लिव्हर पाह्य. नेहमीसारखा गाडीवर बस, खांदे ढिल्ले सोड अन् बोटं लिव्हरवर ठेव, कोपरापासून बोटापर्यंत सरळ रेघ आली पाह्यजे. मनगट वर मोडत असन तर लिव्हर जास्त उचलेल हाय. लिव्हरले हँडलवर धरून ठेवते त्या क्लॅम्पचे बोल्ट ढिल्ले कर (बहुतेक गाड्याईले १० नंबरचा पाना लागते), जरासक खाली फिरव अन् कस. आरसा त्याच क्लॅम्पवर असन तर तोही हालते, मंग तो पुन्हा सेट करा लागते. अन् लय आवळू नको बावा, गाडी पडली तर लिव्हर फिरला पाह्यजे, तुटला नाही पाह्यजे.

यवतमाळकर:
बरोबर. क्लचचा फ्री प्लेही (क्लच ओढू लागेपर्यंत लिव्हर जेवढा ढिल्ला हालते तो) पाहून घे, लिव्हरच्या टोकाशी १०-१५ मिमी साधारण ठीक, गाडीचं मॅन्युअल सांगन तेच खरं. अन् ग्रिप म्हशीच्या दाव्यासारखी घट्ट धरत असशीन तर कायनं काही होत नाही.

दर्यापूरवाला:
लिव्हर खरंच वर होता 😅 राइझर मंग नकोच?

वऱ्हाडी_रायडर:
सध्या नको. टाकलाच तर गाडी न्यूट्रलले चालू ठेवून हँडल दोन्हीकून पुरं वळवून पाह्यजो, इंजिनचा आवाज आपोआप वाढला तर समज थ्रॉटलची केबल ताणून राह्यली. ब्रेकचा होज (तेलाची नळी) ताणत तं नाही, तेही पाह्यजो.