घराण्याचा इतिहास शोधायला साठीची वाट का बघायची?

सुरसागर_काठ

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत घराण्याचा इतिहास शोधायचं काम जणू निवृत्त माणसाच्याच नावावर लिहिलेलं असतं. नोकरी सुटते, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी जातात, मग काका कपाटातल्या जुन्या कुंडल्या काढतात, चुलतभावांना फोन लावतात आणि वंशावळ मांडायला बसतात. मला हे वय चुकीचं वाटतं. हे काम पंचविशी-तिशीत सुरू व्हायला हवं, आणि मी हे अगदी ठामपणे म्हणतोय.

साठीच्या माणसाने विचारायचं कोणाला? आई-वडील गेलेले, आत्या-मावश्या गेलेल्या. उलट आज पंचवीस वर्षांच्या मुलाची आजी ऐंशीच्या आसपास असते. तिने आपल्या आजीच्या तोंडून जे ऐकलं ते १८७५ च्या सुमाराचं असू शकतं, म्हणजे महाराज सयाजीराव गायकवाड कवळाण्याहून दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसले तो काळ. दीडशे वर्षांमागचं घर दोन माणसांच्या बोलण्यात सापडतं, आणि आपण ते बोलणं चाळीस वर्षं पुढे ढकलतो.

कागद पुढेही मिळतील. जुनी सरकारी दप्तरं सांभाळणाऱ्या गुजरात राज्य अभिलेखागाराचं दक्षिण वर्तुळ कार्यालय इथे आपल्या गावातच आहे, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्या, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. पण पणजीचं माहेर कोणतं, लग्नाआधी तिला काय म्हणून हाक मारायचे, एका भावाचं घर वेगळं का झालं, हे कुठल्याही दप्तरात नसतं.

रावपुरा_निवृत्त

पूर्ण असहमत. तुमच्यासारख्या तरुणांना वाटतं, चार प्रश्न विचारले, फोनवर रेकॉर्ड केलं की इतिहास झाला. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि त्याला जो धीर लागतो तो पंचविशीत नसतो, नसावाही. त्या वयात माणसाने आपला संसार उभा करावा.

एक साधी गोष्ट घ्या. जुन्या कागदावर तारीख कधी शकात, कधी संवतात, कधी फसली सनात, तर कधी सुहूर सनात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन जवळपास येतो. फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूरला ५९९ किंवा ६००, महिना कोणता त्यावर ठरतं. यात घोटाळा झाला की मुलगा बापाच्या आधी जन्मतो. त्यात आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला. गोविंद विनायक, विनायक गोविंद, परत गोविंद विनायक. समोरचा कागद पणजोबांचा की खापरपणजोबांचा हे ठरवायला एकाच पानावर कित्येक दिवस बसावं लागतं. वर मोडी. मोडी नुसती वाचता येऊन भागत नाही, लिहिणाऱ्याचा हात ओळखावा लागतो.

आणखी एक. बडोद्यात ज्याला विचाराल तो सांगतो, आमचे पूर्वज गायकवाडांच्या पहिल्या पिढ्यांतल्या पिलाजीरावांबरोबर आले. सगळेच कसे त्यांच्याबरोबर येतील? कोणी दमाजीरावांच्या वेळी आले, कोणी फार पुढे, सयाजीरावांच्या राज्यात कारकुनी किंवा मास्तरकी मिळाली म्हणून आले. घरची कथा आवडती असली तरी ती तपासून बाजूला ठेवायला वय लागतं.

सुरसागर_काठ

काका, तुम्हाला बडोद्यातलंच उदाहरण देतो. रियासतकार गो. स. सरदेसाई १८८९ मध्ये इथे सयाजीरावांच्या नोकरीत आले तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. राजपुत्रांना शिकवताना काढलेल्या टिपणांतून रियासत, म्हणजे त्यांचा अनेक भागांतला इतिहासग्रंथ, उभी राहिली आणि पहिला भाग १८९८ मध्ये निघाला, तेव्हा ते तेहेतीस वर्षांचे. नोकरी सांभाळून, संसार सांभाळून. साठीची वाट बघितली असती तर आपल्या हाती काय आलं असतं?

रावपुरा_निवृत्त

उदाहरण अर्धंच दिलंत. हेच सरदेसाई १९२५ मध्ये बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पेशवे दप्तराचं, म्हणजे पेशव्यांच्या जुन्या सरकारी कागदांतून निवडक कागद छापण्याचं काम हाती घेतलं. १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड निघाले. तेव्हा त्यांनी पासष्टी गाठली होती. रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या, त्या ढिगातून कोणता कागद निवडायचा आणि कोणता सोडायचा, हे तेहेतिसाव्या वर्षी त्यांना तसं जमलं असतं असं मला वाटत नाही.

बाजवाड्याची_लेक

तुम्ही दोघं वयाचे आकडे घेऊन भांडताय. मी पन्नाशीच्या आतबाहेर आहे आणि माझा अनुभव दोघांपेक्षा वेगळा आहे. माणूस याकडे वळतो ते घरात एखादा मृत्यू झाल्यावर नाहीतर मुलांचं लग्न निघाल्यावर. सोयरीक ठरताना गोत्र विचारलं, कुलदैवत विचारलं, देवक काय विचारलं, की घरात एकमेकांच्या तोंडाकडे बघणं सुरू होतं. बाबा गेल्यावर श्राद्धाला गुरुजींनी तीन पिढ्यांची नावं विचारली. वडिलांकडची निघाली, आईकडच्या बायकांची कोणालाच सांगता येईनात. माझा शोध तिथून सुरू झाला. तिशीत मला कोणी याच विषयावर भाषण दिलं असतं तर मी ऐकलंही नसतं.

सुरसागर_काठ यांच्या म्हणण्यातली मला न पटणारी गोष्ट वेगळी आहे. आजी पंचविशीच्या नातवाला सगळं सांगते हा तुमचा समज आहे. घरातलं अवघड असतं ते ती सांगत नाही. कोण दत्तक आला, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली आणि तिचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही, बालविधवा झालेल्या आत्याचं केशवपन झालं तेव्हा घरात कोण गप्प बसलं, हे सांगायला समोर संसाराचा अनुभव घेतलेली बाई लागते. माझ्या मावशीने मला जे सांगितलं ते माझ्या मुलीला कधीच सांगितलं नसतं. मुलीसमोर तिने आपल्या सासरचं सगळं गोडच सांगितलं.

अलकापुरी_बावीस

ताई, मी बावीस वर्षांची आहे आणि मला हे मान्य नाही. माझ्या आजीने मला अवघडच आधी सांगितलं. कदाचित आईला सांगितलं असतं तर त्याचा उद्या घरात वापर झाला असता, माझ्या बाबतीत ती भीती तिला नव्हती. मी कोणाची बाजू घेणार नाही हे तिला ठाऊक होतं. आजीचा तिच्या जाऊबाईंशी अबोला का झाला होता, हे आमच्या घरात फक्त मला माहीत आहे.

आणि मला वंशावळ नकोच आहे, निदान तशी. छापील कुलवृत्तांत उघडला की मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. मुलगी आली तर पुढे सासरचं आडनाव लिहून रेघ संपते. सून आली तर लग्नात बदललेलं नाव. माझ्या आजीचं लग्नाआधीचं नाव आमच्या घरातल्या एकाही कागदावर नाही. ती ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लग्न होऊन बडोद्याला आली, म्हणजे शिंद्यांच्या गावातून गायकवाडांच्या गावात. आपल्या मराठी घरांचं हे जाळं बायकांच्याच लग्नांनी विणलेलं आहे. इंदूरची मुलगी बडोद्यात, बडोद्याची धारला, ग्वाल्हेरची इंदुरात. हा प्रवास शोधायचा तर आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या ज्या बायका आहेत त्याच सांगू शकतात. काका म्हणतात तो धीर माझ्यात नसेल, पण माझ्याकडे आजी आहे.

नाशिकचा_भाचा

आजोळ बडोद्याचं म्हणून इथे लिहितोय. तुम्ही आवडीने शोधणाऱ्यांबद्दल बोलताय. आमच्याकडे महाराष्ट्रात अठरा-एकोणीस वर्षांची मुलं पणजोबांचे कागद शोधतात, कारण त्यांना जात पडताळणी करून घ्यायची असते. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मग शाळा सोडल्याचे जुने दाखले, गाव नमुना १४ म्हणजे आमच्याकडचं कोतवाल बुक, खरेदीखतं, सगळं धुंडाळलं जातं. २०२३ नंतर कुणबी नोंदींसाठी तर गावोगाव मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली.

मीही बारावीनंतर यातून गेलोय. माझ्या वयाच्या मुलांना पाच पिढ्यांची नावं पाठ झाली होती. पण प्रमाणपत्र हाती आलं आणि फाइल कपाटात गेली, पुन्हा कोणी उघडली नाही. म्हणून लवकर सुरुवात केली की ओढ लागेलच, हे सुरसागर_काठ यांचं गृहीतक मला टिकणारं वाटत नाही. आम्हाला तारखा मिळाल्या, माणसं मिळाली नाहीत.

मांजलपूर_शिक्षिका

मी तर म्हणेन पंचविशीही उशीरच. अमेरिकेत एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं माहीत होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त असल्याचं त्यांना आढळलं. मी सातवीच्या वर्गात असे प्रश्न देते. मुलं घरी जाऊन विचारतात आणि कितीतरी पालकांना त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या आईला फोन करून विचारावं लागतं.

रावपुरा_निवृत्त

बाई, उपक्रम उत्तम आहे, चालू ठेवा. पण त्या अभ्यासाचा अर्थ जपून लावा. ज्या घरात लोक एकत्र बसून बोलतात, त्या घरातल्या मुलाला गोष्टीही माहीत असतात आणि त्याच्यात आत्मविश्वासही असतो. वीस उत्तरं पाठ करून घेतली म्हणून ते येणार नाही.

नाशिकच्या भाच्याचं म्हणणं मात्र माझ्याच बाजूचं आहे. गरजेपोटी गोळा केलेले कागद आणि समजून घेतलेलं घर यांत फरक आहे, आणि समजून घेण्याचं वय उशिराच येतं.

सुरसागर_काठ

नाही काका, भाच्याचं म्हणणं तुमच्या बाजूचं कसं? त्याने दाखवून दिलं की अठराव्या वर्षीही मुलं दप्तरं धुंडाळू शकतात. तुम्ही म्हणत होता धीर नसतो. धीर होता. त्यांना कोणी आजीजवळ बसा म्हणून सांगितलं नाही, तहसीलला जा म्हणून सांगितलं. ते आपण मोठ्यांनी सांगायला हवं होतं.

दुसरं म्हणजे, त्र्यंबकेश्वरला नामावळी बघायची तर मूळ गाव आणि आडनाव सांगावं लागतं. बडोद्यात येऊन ज्यांचं आडनाव फडणीस, पोतनीस, चिटणीस असं हुद्द्यावरून पडलं, त्यांचं आधीचं आडनाव काय होतं हे माहीत नसेल तर उपाध्यायांनी कोणती वही काढायची? हे सांगणारं शेवटचं माणूस घरात असतं तेव्हा आपण पंचविशीत असतो. मोडी, फसली, सुहूर सगळं साठीला शिकता येईल, माझी त्याला हरकत नाही. मूळ गावाचं नाव साठीला शिकता येत नाही.

बाजवाड्याची_लेक

हे मात्र खरं आहे. आमच्या मूळ गावाबद्दल तीन चुलत घरांत तीन मतं आहेत, आणि ज्या काकूला माहीत होतं तिला कोणी विचारलं नाही. तरी माझं आधीचं म्हणणं मी मागे घेत नाही. विचारायला जाणारा पोरगा असेल तर घरातली एखादी पन्नाशीची बाई बरोबर न्या. काही गोष्टी तो उठून गेल्यावर सांगितल्या जातील.

रावपुरा_निवृत्त

विचारून ठेवा, रेकॉर्ड करून ठेवा, त्याला माझा विरोध नाही. छापायची घाई करू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे. एकदा चुकीचं छापलं की पुढचे सगळे तेच उतरवून काढतात, मग ते दुरुस्त होत नाही. अलकापुरीच्या मुलीला सांगतो, आजीने लष्कर म्हटलं तर वाडा कोणाचा, गल्ली कोणती, शेजारी देऊळ कुठलं, तेही लिहून घ्या. नुसत्या लष्करवरून पुढे काही सापडणार नाही.

अलकापुरी_बावीस

लिहून घेते काका. छापायचं नाहीये, मला फक्त तिचं घर शोधायचंय. इथे कोणाच्या घरात १९५५ ते १९७० च्या दरम्यान ग्वाल्हेरहून लग्न होऊन बडोद्याला आलेल्या आजी, आत्या किंवा काकू असतील तर कृपया कळवा. वऱ्हाड कोणत्या मार्गाने यायचं, मुक्काम कुठे असायचा, आणि माहेरी पहिल्यांदा परत जायला किती वर्षं लागली, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. आजीच्या आणि त्यांच्या आठवणी जुळतात का ते बघायचंय.