दोनशिक्षकी शाळेत मुलांची प्रगती ठेवायला कुठलं सॉफ्टवेअर वापरता?

माळावरचा_मास्तर

नमस्कार मंडळी. माझी जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे, पहिली ते चौथी, पट ३७. पहिली-दुसरी मॅडमकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आमच्याकडे माहिती भरायचं काम भरपूर आहे, म्हणजे राज्याच्या सरल पोर्टलवर विद्यार्थी, केंद्राच्या यूडायस पोर्टलवर विद्यार्थी, पायाभूत आणि संकलित चाचणीचे गुण सरकारच्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर, आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाच्या नोंदी एक्सेलच्या निकालपत्रकात. ते सगळं वेळेवर होतं. पण जून-जुलैत चौथीच्या वर्गासमोर उभं राहिलं की कोण कुठं अडकलंय हे यातलं एकही मला सांगत नाही. निकालपत्रकात पोराला गणितात ब-२ दिसतं, त्यावरून त्याला हातच्याची वजाबाकी येत नाही का भागाकार येत नाही हे मी कसं ओळखायचं?

आता एक प्रतिनिधी येऊन गेलाय, त्यांच्या ॲपमध्ये प्रत्येक मुलाचा ग्राफ निघतो, पालकांना मेसेज जातो, वर्षाला प्रत्येक मुलामागे ठरावीक फी. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणतायत लोकवर्गणीतून करू. मला घाई करायची नाहीये. लोकवर्गणीचा पैसा आहे, त्यातून मुलांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. तुम्ही काय वापरता, खरंच उपयोग होतो का, ते सांगा. दिवाळीनंतर आमची बरीच मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात ते पण लक्षात घेऊन सांगा.

शुभदा_बाई

सर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक जण कुठलं ॲप एवढंच विचारतात, कशासाठी ते सांगत नाहीत.

मी पहिली ते तिसरीला शिकवते आणि आमच्याकडे साधी गूगल शीट आहे, बाकी काही नाही. एका ओळीत एक मूल. रकाने मुद्दाम कमी ठेवलेत. वाचनाचा एक रकाना, त्यात अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट यापैकी एकच लिहायचं, म्हणजे मूल आज जिथपर्यंत अडखळल्याशिवाय वाचतं ती पातळी. असर नावाच्या देशभरच्या शिक्षण पाहणीत साधारण याच पद्धतीने मुलांना एकेकटं बसवून वाचायला देतात, त्याला एका मुलामागे काही मिनिटंच लागतात. गणिताला संख्या ओळख, संख्या ऐकून लिहिणे, बेरीज, हातच्याची वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आणि शेवटी एक मोकळा रकाना, तो सगळ्यात महत्त्वाचा, त्यात मुलाने नक्की काय केलं ते लिहायचं.

उदाहरण देते. माझ्या वर्गात दोन मुलांची ५२ वजा २७ चुकली होती. पेपर तपासला तर दोघांना शून्य गुण, चॅटबॉटवर दोघं सारखीच. एकाने ३५ लिहिलं होतं, म्हणजे त्याने २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलट ७ मधून २ काढले आणि दशकाला हातच लावला नाही. दुसरीने २६ लिहिलं होतं, तिला विचारलं तर तिने दशक बरोबर सुटा केला होता, फक्त १२ वजा ७ बोटांवर मोजताना एक जास्त धरला. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतात, दुसरीला नुसता सराव पुरतो. ही नोंद ठेवली नसती तर दोघांनाही मी परत पहिल्यापासून वजाबाकी शिकवत बसले असते. तुमच्या प्रतिनिधीला विचारा की तुमच्या ग्राफमध्ये हे दोघं वेगळे दिसतात का.

संख्या ऐकून लिहिणे हा रकाना वेगळा ठेवा असं आग्रहाने सांगते. मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर, त्यामुळे मूल ऐकलं तसं ७२ लिहितं, पण समोर २७ छापलेलं दाखवलं की बरोबर वाचतं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसऐवजी वीस सात अशी पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला आठवत असेल, पण अडचण खरी आहे आणि छापील पेपरात ती पकडता येत नाही, तोंडी घेतल्यावरच कळते.

एक्सेलवाले_गुरुजी

शुभदा मॅडमशी सहमत. मी टेक्निकल बाजू सांगतो, कारण शीट बनवताना ह्याच गोष्टी नडतात.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाची ओळख नावावर ठेवू नका, जनरल रजिस्टर नंबरवर ठेवा, म्हणजे शाळेत दाखल होताना मिळतो तो. नावाचं स्पेलिंग आधारला वेगळं, सरलला वेगळं, आपल्या हजेरीत वेगळं, मग दोन शीट जोडायला गेलं की अर्धी मुलं जुळतच नाहीत. दुसरं, आकडे इंग्रजी कीबोर्डने टाका, देवनागरी आकडे शीट बऱ्याचदा अक्षर म्हणून धरते आणि बेरीज शून्य येते आणि आपण फॉर्म्युला तपासत बसतो. जुन्या फॉन्टमधली यादी कोणी दिली तर ती युनिकोड करून घ्या, नाहीतर मोबाईलवर नुसती चिन्हं दिसतात. पातळीचा रकाना हाताने टाईप करू नका, ड्रॉपडाऊन द्या, कारण एकदा वाक्य आणि एकदा वाक्ये लिहिलं की शीट त्याला दोन वेगळ्या पातळ्या समजते. ड्रॉपडाऊनला रंग लावता येतो, तेवढा ग्राफ पुरे.

रेंज नसेल तर शीट मोबाईलमध्ये ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, रेंजमध्ये आलात की आपोआप वर जाते. मोकळ्या रकान्यात मराठी बोलून टाईप केलं तरी चालतं, लिहायचा कंटाळा येत नाही. आणि जुनी नोंद पुसून त्यावर नवी लिहू नका!! प्रत्येक वेळेला नवीन टॅब काढा, ऑगस्ट, ऑक्टोबर असा, नाहीतर मूल कुठून कुठं आलं हेच दिसत नाही आणि मग प्रगती कशाची मोजायची.

आकारिक-संकलितच्या निकालाचं काम ह्या शीटमध्ये आणू नका. त्याचा भार वर्गाप्रमाणे बदलतो, पहिली-दुसरीला आकारिक ७० संकलित ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, ते गणित निकालाच्या एक्सेलमध्ये बसवलेलं आहे, आपल्याच शिक्षक बांधवांनी बनवून फुकट वाटलेल्या फाईली आहेत, त्या उत्तम चालतात. फक्त त्यातल्या तयार वर्णनात्मक नोंदी सगळ्या मुलांना सरसकट चिकटवू नका एवढी विनंती, शीटमधल्या मोकळ्या रकान्यातून उचला, मग प्रगतिपत्रक खरंच त्या मुलाचं होतं.

माळावरचा_मास्तर

दोघांचे खूप आभार. ३५ आणि २६ चं उदाहरण आमच्या मॅडमना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या आपल्याकडे पण अगदी हेच आहे. एक शंका आहे, हे तोंडी घ्यायचं कधी? दोन वर्ग एकत्र, एकाला स्वाध्याय देऊन दुसऱ्याला शिकवतो, त्यात एकेकाला बाजूला घेऊन बसायचं म्हणजे बाकीच्यांचं काय. आणि किती वेळा घ्यायचं, दर महिन्याला?

लेस्टरची_मंजू

मी मूळची सातारची, इथे इंग्लंडमध्ये प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नावर सांगावंसं वाटलं कारण इथे ह्याच गोष्टीवरून शिक्षक अक्षरशः दमले होते. २०१४ ला इथे अभ्यासक्रम बदलला आणि मुलांची प्रगती मोजायच्या जुन्या सरकारी लेव्हल्स काढून टाकल्या, शाळांना सांगितलं की तुमची पद्धत तुम्ही ठरवा. मग अनेक शाळांनी ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात प्रत्येक विषयाची ढीगभर वाक्यं, प्रत्येक मुलापुढे प्रत्येक वाक्याला रंग भरायचा, आणि बऱ्याच ठिकाणी ते वर्षभर सतत चालायचं. शिक्षकांची संध्याकाळ त्यात जायची आणि दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी मागे पडायची.

२०१८ मध्ये सरकारने नेमलेल्या गटाने कामाच्या ओझ्यावर अहवाल दिला, त्यात असं स्पष्ट म्हटलं की मुलांच्या प्रगतीचा डेटा वर्षातून दोन किंवा तीन वेळांपेक्षा जास्त गोळा करू नये. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरपासून, शाळा तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडने सांगितलं की शाळेच्या अंतर्गत डेटाचे तक्ते आम्ही पुरावा म्हणून बघणार नाही, वर्गात काय शिकवलं जातंय आणि मुलांना काय येतंय ते बघू. त्याने खूप फरक पडला, कारण अनेक तक्ते तपासणीसाठीच भरले जात होते.

म्हणून दर महिन्याला नको. सगळ्या मुलांचं वर्षातून तीनदा पुरे. मधल्या काळात फक्त मागे असलेल्या मुलांचं बघा, ज्याला गोष्ट वाचता येते त्याला परत परत वाचायला लावून काय मिळणार, त्याला लायब्ररीचं पुस्तक द्या.

शुभदा_बाई

मंजूताई अगदी बरोबर. मी पण सगळ्यांचं तीनदाच घेते, आणि मध्ये अक्षर-शब्द पातळीवरच्या मुलांचं दोन-तीन आठवड्यांनी.

वेळेचं म्हणाल तर सर, परिपाठानंतर लगेच नका घेऊ, तेव्हा मुलं ताजी असतात, तो वेळ शिकवायला ठेवा. पोषण आहाराची सुट्टी झाल्यावर वर्गाला चित्र काढायला किंवा जोडीने वाचायला बसवा आणि व्हरांड्यात एकेक मूल बोलवा, रोज चार-पाच झाली तरी दीड-दोन आठवड्यांत सगळी मुलं होतात. व्हरांड्यातच घ्या, वर्गात सगळ्यांसमोर नको, अडखळणारं मूल चार जण बघतायत म्हटल्यावर येत असलेलं पण वाचत नाही. आणि मोबाईल त्याच्या समोर धरू नका, कागदावर खूण करा, शीटमध्ये नंतर टाका. आपण काहीतरी टाईप करतोय हे दिसलं की मुलं वाचायचं थांबून आपल्या तोंडाकडे बघतात.

पालक_आणि_प्रोग्रामर

मी शिक्षक नाही, मुलगी दुसरीत आहे आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. ते फीवालं ॲप घ्यायच्या आधी प्रतिनिधीला हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. शाळेने ॲप बंद केलं तर सगळी माहिती एक्सेलमध्ये परत मिळणार का? मिळत नसेल तर तिथेच थांबा, कारण दोन वर्षांनी फी वाढली की तुम्ही अडकता. मुलांची माहिती कुठे साठवता, कोणाला देता, जाहिरातीला वापरता का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीचा मुद्दा येतो. शाळांना काही बाबतीत सवलत असली तरी कंपनीने हात झटकू नयेत. आधार नंबर, पालकांचा मोबाईल, जात, उत्पन्न, हे प्रगती बघायला लागतच नाही, मागत असतील तर देऊ नका.

गूगल शीटलाही हेच लागू आहे बरं का. लिंक असलेल्या कोणालाही दिसेल असं सेटिंग ठेवून ती लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर अख्ख्या गावाला कळतं कोणाच्या पोराला वाचता येत नाही. फक्त दोन शिक्षकांच्या ईमेलना परवानगी द्या.

पालक म्हणून पण सांगतो. मला मेसेजमध्ये ६४ टक्के असं आलं तर मी घरी जाऊन मुलीवर ओरडतो, दुसरं काय करणार. तेच बाईंनी सांगितलं की तिला जोडाक्षरं वाचताना अडचण येते, रोज रात्री दुकानाच्या पाट्या, पिशव्यांवरची नावं वाचून घ्या, तर मला काहीतरी करता येतं.

निवृत्त_केंद्रप्रमुख

चर्चा चांगली चालली आहे. केंद्रप्रमुखाकडे आसपासच्या शाळांची देखरेख असते, त्या नोकरीत मी अनेक शाळांचे तक्ते पाहिले. ज्या शाळेत मागे असलेली मुलं तक्त्यात दिसायची तिथे मला विश्वास वाटायचा. ज्या शाळेत सगळीच मुलं गोष्ट वाचतात असं लिहिलेलं असायचं तिथे मी स्वतः दोन मुलं वाचायला बसवायचो. शिक्षक खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही, पण खरी पातळी लिहिली की नोटीस येणार असं वाटलं तर माणूस काय करेल? म्हणून सर, ही शीट तुमच्या दोघांची राहू द्या. वर काय पाठवायचं ते चाचणीच्या गुणांतून जातंच आहे. केंद्रप्रमुखांना दाखवा जरूर, पण शाळेत बोलावून, मूल समोर बसवून दाखवा.

केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं शीटच्या वर एका ओळीत लिहून ठेवा, तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचणे आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. म्हणजे कुठं पोचायचं ते दोघांच्याही डोळ्यासमोर राहतं.

स्थलांतराचं कोणी बोललं नाही अजून. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं मूल्यमापन दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी आवर्जून घ्या. शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून देतो ते, देता तेव्हा त्याबरोबर शीटमधली त्या मुलाची ओळ, मोकळ्या रकान्यासकट, कागदावर छापून पालकांच्या हातात द्या. कारखान्याच्या भागातल्या शाळेतल्या गुरुजींना तो कागद बघितला की पहिल्या दिवसापासून कुठून सुरू करायचं ते कळतं. मूल परत आलं की आल्या आठवड्यात परत घ्या, वार्षिक परीक्षेची वाट बघू नका.

माळावरचा_मास्तर

सर, छापील ओळीची कल्पना फार आवडली, हे डोक्यातच आलं नव्हतं. समितीची बैठक शनिवारी आहे. तिथे मी असं मांडणार आहे की ॲप सध्या नको, लोकवर्गणीतून एक साधा प्रिंटर आणि वाचनाची छोटी छोटी पुस्तकं घेऊ, अक्षर-शब्द पातळीच्या मुलांना वाचायला आमच्याकडे पाठ्यपुस्तक सोडून काहीच नाही. शीट मॅडम आणि मी मिळून रविवारी बनवतो. एक्सेलवाले गुरुजी, ड्रॉपडाऊनला रंग कसा लावायचा ते जरा सविस्तर सांगाल का, मोबाईलवरून होतं का त्याला लॅपटॉपच लागतो?

एक्सेलवाले_गुरुजी

एकदा लॅपटॉपवर बनवून घ्या, ते सोपं पडतं, नंतर भरायला मोबाईल चालतो. पातळीचा रकाना सिलेक्ट करा, डेटा मेनूत डेटा व्हॅलिडेशनमध्ये जाऊन ड्रॉपडाऊन निवडा, पाच पातळ्या टाईप करा, प्रत्येकीच्या शेजारी रंगाचा ठिपका असतो तो निवडा, डन करा. तालुक्याला येणार असाल तर बीआरसीत, म्हणजे गट साधन केंद्रात भेटू, दोघं बसून करून टाकू.