आयसोलेशन कॅबिनेटचा डबा आवाज

आयसोलेशन कॅबिनेट म्हणजे गिटारचा स्पीकर आणि माइक आत बंद करून आवाज बाहेर जाऊ न देणारी पेटी. तिच्यातून गिटार डब्यात कोंबल्यासारखी वाजते ही तक्रार खरी आहे. दोष आतल्या हवेचा. जागा जितकी कमी, तितकी ती हवा स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) स्प्रिंगसारखी अडवते, स्पीकरचा रेझोनन्स (ज्या सुराला तो आपोआप जास्त घुमतो तो) वर सरकतो आणि लो-मिड (खर्ज आणि मधल्या सुरांमधला पट्टा) फुगतात. शिवाय वीतभर अंतरावरच्या भिंतींवर आपटून तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

माझ्या पेटीत मी रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरून वर कापड ताणलं, एसएम५७ माइक कोनच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला घेतला आणि मग ४०० हर्ट्‌झच्या आसपास इक्यूने (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरने) थोडं कापलं. त्या दोन बोटांनी जो फरक पडला, तो नुसत्या इक्यूने कधीच पडला नसता. केबलचं भोक मात्र नीट बुजवा, एवढ्याशा फटीतूनही भरपूर आवाज निसटतो. पेटीखाली जाड रबर हवंच, नाहीतर जाड तारांची धमधम फरशीतून खालच्या मजल्यावर पोचते.

बंद पेटीत स्पीकरची व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) लवकर तापते, म्हणून ॲम्पच्या दुप्पट वॅटचा स्पीकर घ्या. आणि ट्यूब ॲम्प स्पीकर किंवा लोड (स्पीकरऐवजी ॲम्पची ताकद झेलणारा भार) न जोडता वाजवू नका हो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. रात्रीच्या सरावाला लोड बॉक्स आणि आयआर (कॅबिनेट-माइकच्या आवाजाची डिजिटल नक्कल) पुरतात. रेकॉर्डिंगला मी अजूनही पेटीच वापरतो.