अनुभव धागा: रिपोर्ट नॉर्मल, पण पोट दुखतंयच

सात रस्ता (धागाकर्ता):
सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, तरी पोट दुखायचं थांबत नाही, अशांसाठी हा धागा. स्वतःची कहाणी नको. काय तपासायचं, कसं, आणि कुठे चुकतं तेवढंच लिहा.

त्याआधी एक. डांबरासारखी काळी संडास, रक्ताची उलटी, लाकडासारखं कडक पोट, कावीळ, दुखण्यासोबत ताप, आपोआप उतरणारं वजन, संडास आणि वारा दोन्ही बंद, पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ, यातलं काहीही असेल तर धागा वाचत बसू नका, सिव्हिल किंवा जवळचा दवाखाना गाठा. मधुमेही किंवा चाळिशीपुढच्या माणसाला 'पित्त झालंय' वाटलं आणि दरदरून घाम फुटला, तर आधी ईसीजी.

विजापूर वेस:
पहिलं काम वहीचं. दोन आठवडे रोज लिहा: किती वाजता दुखलं, एका बोटाने दाखवता येईल अशी जागा कोणती, किती वेळ टिकलं, आधीच्या चार तासांत काय खाल्लं, संडासनंतर कमी झालं की नाही, पाळीचा कितवा दिवस, कोणती गोळी घेतली. "कधीकधी दुखतं" एवढंच सांगितलं की डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

मग जुळणी लागते. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली अर्धा तास ते काही तास कळ आणि ती पाठीत, खांद्याच्या पात्याकडे जाते: पित्ताशयातले खडे. कमरेतून जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी: मूतखडा. दर महिन्याला पाळीच्या सुमारास वाढणारी: एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) विचार व्हावा, आणि तो साध्या सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाही. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग: दोन-चार दिवस कातडी बघत राहा, नागीण पुरळाच्या आधी दुखते.

सोनोग्राफी टेबल:
पित्ताशयासाठी ६ ते ८ तास उपाशी. सकाळचा चहा घेतला तरी पित्ताशय आकसतं आणि बारीक खडा निसटतो. ओटीपोटासाठी उलट, लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून तासभर आधी लिटरभर साधं पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. सोनोग्राफीत जठराचा अल्सर दिसत नाही, मूत्रवाहिनीतला छोटा खडाही सुटतो. म्हणजे 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ, जे दिसू शकतं ते नॉर्मल. आणि 'फॅटी लिव्हर ग्रेड १' वाचून सगळं खापर त्याच्यावर फोडू नका, त्याने सहसा असं दुखत नाही.

अशोक चौक:
आमच्या सोलापूरच्या पूर्वभागात आधी गोळ्यांची पिशवी उघडून बघावी लागते. मागावर उभं राहून किंवा विड्या वळून कंबर धरते, मग रिकाम्या पोटी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी, वर चहा, बायकांमध्ये मिश्रीसुद्धा. बेंबीच्या वर जळजळ होत असेल तर हे आधी बंद. पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. जेवणानंतर घेतली तर काम कमी होतं आणि लोक म्हणतात गोळी लागू पडत नाही.

एच. पायलोरीची (जठरात अल्सर करणारा जंतू) संडासची किंवा श्वासाची तपासणी करायची तर ही गोळी २ आठवडे आणि अँटिबायोटिक ४ आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. गोळी बंद करायची ती डॉक्टरांना विचारूनच. उपचार झाल्यावर पुन्हा तपासणी, तीही ४ आठवड्यांनी.

आणि मे महिना. मूतखडा टाळायचा तर पत्र्याच्या शेडमध्ये पाणी किती प्यायलात हे मोजू नका, लघवी बघा. दिवसभरात दोन-अडीच लिटर आणि फिक्या रंगाची व्हायला हवी.

विजापूर वेस:
एक तपासणी घरीही करून बघता येते. उताणे झोपा, दुखरी जागा बोटाने दाबा आणि दाबलेलं असतानाच डोकं नि खांदे वर उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा आतड्याचं नाही, पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा दबलेल्या नसेचं. तिथल्या तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन निदानही होतं, आरामही. या जागी वर्षानुवर्षं गॅसच्या गोळ्या चालू असतात.

नवी पेठ:
बेंबी सरकलीय म्हणून पोट चोळून घेतात, त्याचं काय?

विजापूर वेस:
ताई, बेंबी सरकत नाही. हलक्या हाताने तेल लावा, गरम पिशवीने शेका, मुरड्याला बरं वाटतं. पण दुखणं बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकलं असेल तर चोळणं, शेक, एरंडेल तिन्ही बंद. अपेंडिक्स फुटू शकतं.

कडकभाकरी:
संडासशी जोडलेलं, सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेलं, गेले तीन महिने आठवड्यातून एकदा तरी येणारं दुखणं हे बहुतेकदा आयबीएस, म्हणजे आतडं संवेदनशील झाल्याचा त्रास. पण ते ठरवण्याआधी गव्हाची, म्हणजे सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला होणारा आजार) रक्ततपासणी करा. इथे सोलापुरी घोळ होतो. घरात रोज ज्वारीची भाकरी, आणि ज्वारीत ग्लुटेन नाही. गहू पोटातच जात नसेल तर तपासणी खोटी निगेटिव्ह येते. आधी निदान ६ आठवडे रोज चपाती खा, मग रक्त द्या.

बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल: दोन चमचे, पेलाभर पाण्यात, वर आणखी पेलाभर पाणी. कोरडं गिळू नका, घशात फुगतं. पहिला आठवडा गॅस वाढतो, म्हणून अर्ध्या चमच्यापासून सुरुवात.

नवी पेठ:
मग शेंगा चटणी बंद का?

कडकभाकरी:
शेंगदाण्याचा दोष कमी, लसणाचा जास्त. आयबीएसवाल्याच्या आतड्यात लसूण-कांद्यातले फ्रुक्टान (न पचणारी एक प्रकारची साखर) आंबतात आणि पोट फुगतं. हे पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून लसूण अख्खा तेलात तांबूस होईपर्यंत परता, पाकळ्या काढून टाका आणि तेच तेल भाजलेले शेंगदाणे, जिरं, मीठ, थोडं तिखट यांत घालून कुटा. तेल त्याच दिवशी वापरा, साठवू नका. चार-सहा आठवडे असंच चालवा. पोट शांत झालं की एकेक पदार्थ तीन दिवस परत घेऊन बघा, आधी कांदा, मग लसूण. दोन्ही एकदम सुरू केले तर कोणी त्रास दिला ते कळणार नाही.