सेलूत १९६८ ची महिंद्रा एफसी-१५० पिकअप विकायला निघालीय, घ्यावी का?

मानवतचा_माणूस

राम राम मंडळी. सेलूत एका जिनिंगवाल्या घरातली महिंद्रा एफसी-१५० पिकअप विकायलेत. आरसीवर १९६८ साल आहे. ज्यांनी नवी घेतली त्यांच्याच नावावर अजून आहे. ते वारले, आता नातू विकायलाय. साडेतीन लाख म्हणतो, बसून बोललं तर थोडा खाली येईल.

जाऊन बघून आलो. जुन्या लोकांना आठवत असेल ही गाडी: समोर बॉनेट नाही, चपटं तोंड, ड्रायव्हर पुढच्या चाकावरच बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे झाकणाखाली. रंग फिका निळा, उन्हानं विटलेला, पण मूळचाच दिसतो. हौद्याच्या फळ्या शाबूत. फाळक्याच्या साखळ्या वाजू नयेत म्हणून त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून तारेनं बांधलेली, आणि तार बोटाला लागू नये म्हणून टोकं आत वळवलेली. तेवढं बघितलं आणि गाडी मनात बसली. फळ्यांच्या फटीत सरकी अजून अडकलेली आहे. इंजिन पेट्रोलचंच, डिझेल बसवलेलं नाही. सेल्फवर चालू झाली. गार असताना निळसर धूर टाकला, मग बंद झाला.

मला ती शोभेला नको. शेतातल्या आखाड्यावर ठेवायची, खताच्या बॅगा, हरभऱ्याची पोती न्यायची आणि पोळ्याला धुऊन गावातून फिरवायची. घरचे म्हणायलेत, थोडे पैसे वर घातले की चांगली चालू पिकअप येते. मला हीच पाहिजे. घेण्याआधी काय काय बघू?

उदगीरकर७

भाऊ, फोटो बघून मन भरलं. पण घरच्यांचं ऐका. एवढ्या जुन्या गाडीचं सामान कुठं शोधत फिरणार? ऐन सुगीत बंद पडली तर पोती रस्त्यावर.

जालन्याचा_पाना

उदगीरकर, सामानाचं तुमचं म्हणणं अर्धंच खरं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं आयुष्य जीपच्या कामात गेलं.

महिंद्रानं एफसी-१५० चे पेट्रोल ट्रक १९६५ ला सुरू केले. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची, तिकडं ती १९५६ ला आली. हिचं इंजिन म्हणजे हरिकेन, चार सिलिंडर, सुमारे २२०० सीसी, सीजे-३बी जीपमधलंच. इनलेट वॉल्व्ह वर हेडमधे आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधे. या जीपा गावोगाव होत्या, त्यामुळं पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, वॉटर पंप, पॅकिंग आजही जुन्या बाजारात मिळतं. अडतं ते पत्र्याला. समोरची काच, दरवाजे, पुढची जाळी हे जीपचं बसत नाही. म्हणून दादा, इंजिन थोडं थकलेलं असलं तरी चालेल, केबिन सडकी असेल तर माघारी या.

खिशात लोहचुंबक घेऊन जा. दरवाज्याच्या खालची कड, काचेच्या खालची पट्टी, पायाखालचा पत्रा, सगळीकडं लावा. जिथं चिकटणार नाही तिथं रंगाखाली लांबी (पुटी) भरलीय असं समजा. नंतर खाली झोपून चेसिस बघा. आपल्याकडं हवा कोरडी, समुद्राकाठच्या गाड्यांसारखा गंज नसतो, पण काळ्या रानातला चिखल चेसिसच्या कोपऱ्यात बसतो आणि आत ओल धरून ठेवतो. तो पेचकसानं खरवडून काढल्याशिवाय काही सांगता येत नाही.

धुराचं सांगतो. रात्रभर उभ्या गाडीत गाईडमधून, म्हणजे वॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून, ऑइल उतरतं, ते सकाळी जळतं. एखाद्या लांब उतारावर पाय काढून गाडी सोडा, खाली आल्यावर रेस द्या आणि मागं कुणाला तरी बघायला सांगा. त्याच वेळी धूर आला तर काम गाईडवर भागतं. चढाला, भरल्या गाडीत सारखा येत असेल तर रिंगा आणि सिलिंडरच्या बोअरचं काम धरून चला आणि तेवढे पैसे भावातून कमी करा.

आताच्या पेट्रोलमधे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्या काळचं रबर त्याला टिकत नाही. गाडी आणल्या आणल्या पेट्रोलचे पाईप आणि पंपाचा पडदा बदला, टाकी उतरवून धुवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात महिना महिना उभी ठेवू नका. इंजिन तुमच्या मांडीशेजारी आहे, तिथं पेट्रोलची गळती अजिबात चालायची नाही.

आणि एक, या गाडीचं सगळं वजन पुढं. रिकाम्या हौद्यानं जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं हलकी होतात. मागं कायम वाळूची दोन पोती टाका. लेकरं हौद्यात बसवू नका.

धाराशिवचे_काका

यांत्रिक बाजू पानावाल्यांनी सांगितली. मी कागदाचं बोलतो, कारण अशा गाड्या बहुतेक तिथंच अडकतात.

गाडी आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे नातवाला ती सरळ विकता येत नाही. आधी वारसाच्या नावावर करायची, आरटीओच्या नमुना ३१ अर्जावर. बाकी वारस असतील तर त्यांची लेखी संमती. मग २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. हे होईपर्यंत इसारापेक्षा जास्त रक्कम देऊ नका. परभणीच्या आरटीओत विचारा की आरसीचं जुनं पुस्तक सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीवर चढलंय का. १९८९ च्या आधीचा नंबर असला की हा प्रश्न हमखास येतो. चेसिस नंबर पेन्सिलनं कागदावर उठवून आरसीशी अक्षर अक्षर जुळवा.

कुणी सांगेल की व्हिंटेज नोंदणी करून टाका. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षांवरच्या, खाजगी वापरातल्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हीए अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, मुदत १० वर्षं. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तुमची खताची बॅग त्यात बसत नाही. तुम्हाला आहे त्याच नोंदणीवर फिटनेस काढावं लागेल, म्हणून आरसीवर वाहनाचा वर्ग काय लिहिलाय ते पहिलं बघा.

मानवतचा_माणूस

काका, पाना दादा, मनापासून आभार. आरसीचा फोटो आत्ताच मागवला. वर्ग मालवाहू लिहिलाय, आणि नातवाला दोन आत्या आहेत. त्यांच्या सह्या आल्याशिवाय इसारही देत नाही. चुंबक घेऊन रविवारी जातो. ब्रेकचे सिलिंडर या गाडीला जीपचेच बसतात का?

जालन्याचा_पाना

जुने काढून सोबत न्या आणि मापाला लावूनच घ्या. नुसत्या नावावर विकत घेऊ नका.